मोजून पाहणारा योगी : स्वामी कुवलयानंद

पुण्यातील असो वा मावळातील, आजच्या कोणत्याही व्यायामशाळेत पाऊल टाकले की वजने आणि यंत्रांच्या जोडीला एक रंगीबेरंगी फळीही नजरेस पडते. प्रथिनांच्या भुकटीचे डबे, व्यायामापूर्वी घ्यावयाची पेये, चरबी जाळण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या. त्यांतील अनेकांवर हिरव्या पानाचे चित्र असते आणि सारे घटक वनस्पतीजन्य असल्याचा निर्वाळा असतो. पान पाहून मन निर्धास्त होते. वनस्पतीपासून आलेले आणि पूर्वापार चालत आलेले, म्हणजे गुणकारी व निरुपद्रवी, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासायचे कसे?

शंभर वर्षांपूर्वी याच मावळात, लोणावळ्यात, एका माणसाने असाच प्रश्न वेगळ्या संदर्भात विचारला होता. त्याच्यासमोर डबे नव्हते. आसने, बंध आणि प्राणायाम यांविषयी पिढ्यानपिढ्या चालत आलेले दावे होते. त्या दाव्यांवर त्याची मनापासून श्रद्धा होती, आणि तरीही त्याने ते क्ष-किरणांखाली व दाबमापकापुढे नेले. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांची ही जीवनकथा आहे.

डभोई ते बडोदा

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती आणि शिक्षण कष्टाने झाले. १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे आयुष्यभर हठयोगाच्या पोथ्या मूळ संस्कृतातून वाचताना आणि त्यांतील पाठभेद जुळवताना ही विद्या त्यांच्या कामी आली.

ते दिवस स्वदेशीचे आणि राष्ट्रीय शिक्षणाचे होते. बडोदा कॉलेजात अध्यापन केलेल्या अरविंद घोषांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा जगन्नाथपंतांवर खोल परिणाम झाला. आपले आयुष्य देशकार्याला वाहायचे हे त्यांनी तरुण वयातच ठरवले आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. पण देशकार्य म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर त्यांना व्यायामशाळेच्या वाटेने मिळाले.

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न प्रा. माणिकराव हे त्या काळातील नावाजलेले व्यायामशिक्षक होते. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम अशा देशी व्यायामप्रकारांना शिस्तबद्ध रूप देण्याचे मोठे काम त्यांनी केले. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथपंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. शरीर हे राष्ट्राचे भांडवल आहे आणि ते कमावण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे, ही खूणगाठ त्यांनी येथेच बांधली. या शास्त्राचे शास्त्रपण सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न मात्र अद्याप पुढे यायचा होता.

पदवी घेतल्यानंतर ते खानदेशात गेले. १९१६ ते १९२३ या काळात अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी भारतीय संस्कृती हा विषय शिकवला आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले.

माळसरचे गुरू

१९१९ साली त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. नर्मदेच्या काठी, बडोद्यापासून फार दूर नसलेल्या माळसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याचा आश्रम होता. जगन्नाथपंत त्यांच्याकडे गेले आणि शिष्य झाले. मुंबईत वर्सोवा येथे १९१८ साली योगसंस्था काढणारे श्री योगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी विसाव्या शतकात योगाला आश्रमातून काढून शहरी माणसाच्या दारात आणले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

माळसरला जगन्नाथपंतांनी ज्या क्रिया शिकल्या, त्यांचा परिणाम स्वतःच्या शरीरावर त्यांना जाणवत होता. एखाद्या सामान्य साधकाचे तेवढ्यावर समाधान झाले असते. पण ते विसाव्या शतकातील शिक्षक होते. आपल्याला जाणवले म्हणजे ते सर्वांसाठी खरे ठरले, असे त्यांना मानवेना. शिवाय योगाच्या नावावर चाललेला चमत्कारांचा बाजार त्यांना दिसत होता, आणि दुसऱ्या बाजूला योग म्हणजे केवळ खुळचटपणा असे म्हणणारे सुशिक्षितही भेटत होते. या दोघांनाही उत्तर द्यायचे तर ते आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेतच द्यावे लागणार होते.

क्ष-किरणांखाली नौली

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन प्रयोग सुरू केले. विषय होते उड्डियान बंध आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर खेचले जाते. नौलीत पोटाचे उभे स्नायू वेगळे काढून डावीकडून उजवीकडे फिरवले जातात. या वेळी पोटाच्या आत नेमके काय घडते, हे डोळ्यांनी दिसत नाही. क्ष-किरणांनी ते दिसू शकत होते.

या कामातून पुढे त्यांचा सर्वांत गाजलेला शोध निघाला. बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आतड्यात ओढून घेतात. कोणतेही यंत्र न वापरता पाणी वर चढते कसे? आतड्याच्या हालचालीची दिशाच उलटते, असा एक तर्क केला जाई. कुवलयानंदांनी दाबमापक लावून पाहिले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते, असे त्यांना आढळले. पाणी चढते ते या दाबातील फरकामुळे. गूढ वाटणाऱ्या क्रियेमागे पिचकारीत पाणी ओढले जाते तेच साधे तत्त्व निघाले. या अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. ‘माधवदास निर्वात’ या नावाने ती योगसंशोधनाच्या साहित्यात नोंदली गेली.

हे संशोधन चालू असतानाच, १९२१ साली माधवदासजींचे निधन झाले. शिष्याने गुरूच्या स्मृतीसाठी समाधी मंदिराऐवजी शरीरशास्त्रातील एका घटनेला त्यांचे नाव द्यावे, यातच त्याच्या वृत्तीची ओळख पटते.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

१९२४ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. लोणावळा तेव्हा बोरघाटाच्या माथ्यावरचे लहानसे गाव होते. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांशी रेल्वेने जोडलेले, तरीही शांत. पावसाळ्यात धुक्यात हरवणारे आणि कार्ले-भाजे लेण्यांच्या व लोहगड-विसापूरच्या शेजारचे. मावळ्यांच्या काटकपणाची परंपरा सांगणाऱ्या या भूमीत शरीरविद्येची प्रयोगशाळा उभी राहिली.

आश्रम म्हटले की मंदिर, प्रवचन आणि भक्तांची वर्दळ डोळ्यांपुढे येते. येथे क्ष-किरण, रक्तदाबमापक आणि वायूंचे पृथक्करण करणारी उपकरणे आली. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. एका विभागात प्रयोगांचे वृत्तांत, दुसऱ्यात त्यांचे अर्धशास्त्रीय विवेचन आणि तिसऱ्यात सामान्य वाचकासाठी आसनांची माहिती असे. मोजलेले काय, त्यावरून केलेला तर्क कोणता आणि परंपरेने सांगितलेले कोणते, हे वाचकाला वेगवेगळे दिसावे, अशी ती मांडणी होती. योगाच्या परिणामांचे प्रयोग नियमितपणे छापणारे हे जगातील पहिल्या नियतकालिकांपैकी एक होते.

सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो, याची मोजणी याच काळात झाली. १९३१ साली त्यांची ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत कृतींच्या वर्णनाइतकेच महत्त्व सावधगिरीच्या सूचनांना होते. कोणी काय करू नये, किती वेळ करू नये आणि कोणत्या विकारात थांबावे, हे त्यांनी तपशिलाने लिहिले.

प्राणवायूचा प्रश्न

कुवलयानंदांच्या कामाची खरी कसोटी प्राणायामाच्या प्रयोगांत लागली. दीर्घ श्वसनाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि हाच प्राणायामाचा लाभ, अशी समजूत तेव्हाही होती, आजही आहे. ती योगाच्या प्रचाराला सोयीची होती. प्रचारकाने ती छातीठोकपणे सांगितली असती तर कोणी हरकत घेतली नसती.

लोणावळ्यात साधकांचा उच्छ्वास गोळा करून त्यातील प्राणवायू व कर्बवायू मोजण्यात आले. प्राणायामात शरीर प्राणवायू अधिक शोषून घेते, या समजुतीला त्या मोजमापांनी पाठिंबा दिला नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नव्हते. निरोगी माणसाच्या साध्या श्वसनातही फुप्फुसातून निघणाऱ्या रक्तातील रक्तरंजक द्रव्य प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात आणखी भर घालायला जागाच थोडी असते. कुवलयानंदांनी हा निष्कर्ष लपवला नाही. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूत शोधू नये, ते मज्जासंस्थेवरील व मनावरील परिणामांत शोधावे, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली.

ही गोष्ट वरवर दिसते तितकी सोपी नाही. ज्या विद्येसाठी संसार सोडला, जिच्यासाठी दानशूरांच्या दारी जाऊन संस्था उभारली, तिच्याच एका लोकप्रिय दाव्याविरुद्ध आपल्याच प्रयोगशाळेतील आकडे छापायचे होते.

या प्रकरणाला पुढे आणखी एक वळण मिळाले. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्ययन करणारे केरळचे कोवूर बेहनन १९३० च्या दशकाच्या प्रारंभी कुवलयानंदांकडे योग शिकले. त्यांनी स्वतःवर केलेल्या मोजणीत प्राणायामाच्या निरनिराळ्या प्रकारांत प्राणवायूचा वापर सुमारे १२ ते २५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते मांडले. शिष्याचे आकडे गुरूच्या निष्कर्षाशी सरळ जुळणारे नव्हते. श्वसनाचा वेग, स्नायूंचे श्रम आणि मोजणीची पद्धत बदलली की उत्तर बदलते. शास्त्रात असे मतभेद हे दोष मानले जात नाहीत, पुढच्या प्रयोगाची ती सुरुवात असते. मोजलेलेच नसते तर मतभेदही झाला नसता.

औषधींचा मार्ग

पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धींचे जे स्रोत सांगितले आहेत, त्यांत जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्याबरोबर औषधींचाही उल्लेख येतो. वनस्पतीच्या सेवनाने शरीराची शक्ती वाढवावी, ही कल्पना अशी फार जुनी आहे. कुवलयानंदांनी साधनेचा मार्ग घेतला. पण त्यांच्याच हयातीत औषधींचा मार्गही प्रयोगशाळेत पोहोचला होता. त्याच्या कथेशी तुलना केली म्हणजे लोणावळ्यातील कामाचे मोल आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स आणि एच. एन. वेबर यांनी १९०७ साली स्नायूंच्या कार्यक्षमतेवर कॅफिनचा काय परिणाम होतो, हे तपासले. चहा-कॉफीतील हे द्रव्य घेतल्याचे माणसाला ठाऊक असले, तर केवळ त्या जाणिवेनेच तो अधिक जोर लावतो, हे रिव्हर्स यांच्या लक्षात आले होते. म्हणून कॅफिन असलेले आणि नसलेले पेय ओळखू येऊ नये अशी व्यवस्था त्यांनी केली. आज औषधांच्या चाचण्यांत अनिवार्य मानल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा एक आरंभीचा नमुना.

दुसरी घटना खुद्द १९२४ मधली. लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहत होते, त्याच वर्षी पेकिंगमध्ये के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी एफेड्रिनवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ म्हणून हजारो वर्षे वापरल्या जाणाऱ्या एफेड्रा या झुडपातील हे द्रव्य. ते रक्तदाब वाढवते, हृदयाची गती वाढवते आणि श्वासनलिका रुंद करते, हे त्यांनी दाखवले. पुढे दम्यावर त्याचा उपयोग झाला. हिमालयातही एफेड्राच्या जाती उगवतात आणि कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनी त्यांचा अभ्यास केला. म्हणजे जुन्या वनस्पतीत खरोखरच सामर्थ्य होते. प्रश्न होता तो मात्रेचा, हेतूचा आणि किमतीचा.

लोणावळ्याच्या प्रयोगांत रिव्हर्ससारखी व्यवस्था नव्हती. ती शक्यही नव्हती, कारण आपण सर्वांगासन करतो आहोत हे साधकापासून लपवता येत नाही. प्रयोगांतील माणसे मोजकी आणि बहुतेक आश्रमाशी जोडलेली असत. आजच्या कसोटीवर त्या निष्कर्षांना प्राथमिक निरीक्षणांचेच स्थान द्यावे लागेल. तथापि योगाच्या क्षेत्रात उपकरण लावून पाहण्याचा पायंडाच ज्या काळी नव्हता, त्या काळी तो त्यांनी पाडला.

गांधीजी, शाळा आणि परदेशी पाहुणे

१९२७ साली रक्तदाबाने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हौस दोघांनाही होती. त्यांच्यात आसनांविषयी पत्रव्यवहार झाला. तथापि बड्या व्यक्तींच्या उपचारांपेक्षा कुवलयानंदांना शाळेतील मुलांची काळजी अधिक होती. मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले, काही काळ अध्यक्षपदही भूषवले. वर्गातील शेकडो मुलांना एकाच वेळी, कोणत्याही साधनाशिवाय करता येतील अशा यौगिक व्यायामांचा क्रम त्यांनी आखला. आज शाळेच्या मैदानावर रांगेत उभी राहून आसने करणारी मुले दिसतात, त्यामागे त्या काळातील ही मेहनत आहे.

मुंबईत चौपाटीजवळ १९३६ साली कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. १९५०-५१ च्या सुमारास लोणावळ्यात योग शिकवणारे महाविद्यालय उभे राहिले आणि १९६१ मध्ये यौगिक रुग्णालय. दुसरीकडे हस्तलिखितांचे काम चालूच होते. ‘गोरक्षशतका’ची संपादित आवृत्ती १९५८ मध्ये निघाली. डॉ. शं. ल. विनेकर यांच्यासह लिहिलेले यौगिक उपचारांवरील इंग्रजी पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९६३ साली प्रसिद्ध केले.

पाश्चात्त्य संशोधकांची ये-जा हा या काळातील एक महत्त्वाचा भाग. काही योगी आपले हृदय थांबवू शकतात, असा दावा त्या काळी गाजत होता. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेज ब्रोस यांनी १९३५ साली भारतात येऊन केलेल्या नोंदींनी त्याला बळ मिळाले होते. १९५७ मध्ये अमेरिकेचे एम. ए. वेंगर आणि बी. के. बागची उपकरणे घेऊन भारतात आले. दिल्ली, मद्रास आणि लोणावळा येथे त्यांनी काम केले. दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ साली निष्कर्ष मांडले. श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. मग नाडी हाताला लागत नाही आणि ठोके ऐकू येत नाहीत, पण विद्युत्-आलेखावर हृदयाचे काम चालूच दिसते. चमत्कार गेला आणि त्या जागी शरीराच्या एका नेमक्या क्षमतेची माहिती आली. अशा तपासणीसाठी कैवल्यधामचे दार उघडे होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली.

डब्यावरचे हिरवे पान

स्वामीजींच्या पश्चात वनस्पतीजन्य उत्तेजकांची कथा पुढे सरकली आणि ती त्यांच्या पद्धतीची आठवण करून देत राहिली.

कॅफिनचा दावा तपासणीत टिकला. शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन व्यायामापूर्वी तासभर आधी घेतल्यास दमसास लागणाऱ्या व्यायामात थोडी पण खरी सुधारणा होते, हे अनेक नियंत्रित चाचण्यांत दिसून आले आहे. परिणाम माणसागणिक बदलतो. झोप उडणे, धडधड आणि अस्वस्थता हे त्याचे तोटे आहेत. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले. साठ किलोच्या माणसाला तीन मिलिग्रॅमच्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम पुरतात आणि सहाच्या हिशेबाने ३६० होतात. म्हणजे खेळाडूंच्या चाचण्यांतील वरची मात्रा या एकवेळच्या मर्यादेच्या पुढे जाते. उत्तर मिळाले ते असे आकड्यांत.

एफेड्राचे उलट झाले. वजन घटवणारे व जोम देणारे नैसर्गिक पूरक म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत त्याचा मोठा खप झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात अल्पकाळात महिन्याला एक किलोपेक्षाही कमी वजन घटल्याचे दिसले. खेळातील कामगिरी सुधारते असे दाखवणारी या वनस्पतीची स्वतंत्र चाचणीच सापडली नाही. धडधड, मानसिक व पचनाच्या तक्रारींचा धोका मात्र दोन ते तीन पटींनी वाढलेला होता. त्याच वर्षी एका व्यावसायिक बेसबॉलपटूच्या मृत्यूत या द्रव्याचा संबंध आढळला आणि २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्रायुक्त पूरकांवर बंदी घातली. त्याची जागा कडू संत्र्यातील सिनेफ्रिनने घेतली. त्याच्या उपयोगाचा पुरावा आजही तुटपुंजा आहे.

तिसरे उदाहरण भारतीयांच्या जिव्हारी लागणारे. २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर काही कुस्तीगिरांसह अनेक भारतीय खेळाडूंच्या नमुन्यांत मिथाइलहेक्सेनामाइन हे उत्तेजक आढळल्याचे जाहीर झाले. हे द्रव्य जिरेनियमच्या तेलातून मिळते, असे सांगून ते पूरकांत घातले जात होते. पुढील तपासण्यांत वनस्पतीत ते पूरकांतील मात्रेला आधार देण्याइतके असल्याचे सिद्ध झाले नाही. डब्यांत होते ते कारखान्यात बनवलेले रसायन. लेबलावर फुलाचे नाव होते, आणि ज्यांची वर्षांची मेहनत पणाला लागली ते आखाड्यात घाम गाळणारे मल्ल होते.

ही तिन्ही द्रव्ये वनस्पतीच्या नावाने आली. एक उपयोगी ठरले, एक घातक ठरले आणि एकाचे वनस्पतीशी नातेच संशयास्पद निघाले. डब्यावरचे पान पाहून यांतला फरक कळला नसता. तो मोजूनच कळला.

भारत सरकारने ३० ऑगस्ट २०१९ रोजी, योगायोगाने स्वामीजींच्या जन्मदिनीच, आयुष क्षेत्रातील बारा मान्यवरांवर टपाल तिकिटे काढली. त्यांत कुवलयानंदांचाही समावेश होता. २०२४ मध्ये कैवल्यधामने शंभर वर्षे पूर्ण केली. ‘योगमीमांसा’ आजही निघते. शनिवार-रविवारी चिक्की आणि धबधब्यांसाठी लोणावळ्याला लोटणाऱ्या पर्यटकांपैकी थोडेच या संस्थेच्या फाटकाकडे वळतात. नवा डबा विकत घेण्यापूर्वी किंवा नवा प्राणायाम सुरू करण्यापूर्वी तो कोणावर, किती मात्रेत आणि कशाशी तुलना करून तपासला गेला, एवढे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याने मात्र फाटकात न शिरताही स्वामीजींचा वारसा घेतला, असे म्हणता येईल.